पांढऱ्या रिंगा

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

चि. आशा,

तुझ्या बापाचा आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत. थंडी सरल्यापासून तुझ्या आईचा गुडघा कुरकुरत नाही, त्याच्या वाटचं तीच कुरकुरते. मंगळूरचा भात तुला मानवला असं फोनवर कळलं. कोर्सचे दोनच महिने राहिलेत, तोवर भाकरीची आठवण काढू नकोस.

पत्र बघून हसशील. पण फोन तुझी आई स्पीकरवर ठेवते आणि माझं वाक्य मी पुरं करायच्या आत तीच करून टाकते. शिवाय फिल्टरची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. शुद्धीकरण केंद्रावर चौतीस वर्षं मी लॉगबुक लिहिलं. लिहायला बसलं की माझं डोकं नीट चालतं, बोलायला लागलं की चालत नाही, हे तू लहानपणापासून बघत आलीस.

तू मागच्या आठवड्यात म्हणालीस, "अण्णा, तुमचं आयुष्य पाण्यात गेलं. दवाखान्यातल्या टाकीला कुठला फिल्टर घ्यायचा ते तुम्हीच ठरवा." हे वाक्य चारचौघांत जरा जपून बोलत जा. असो. काम दिलंस, ते करतो आहे.

आधी टाकीची हकीकत. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. दगड आणि वाळू वजा जाता पाणी सहाशे लिटर भरतं. आपल्याकडे नळ आठव्या दिवशी येतो, तेव्हा सहाशे लिटर म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको. त्यात तू तेहतीस मासे ठेवलेस. दात दुखणारी पोरं मासे बघत रडायचं विसरतात हे खरं, पण बाजाराच्या दिवशी लासूर स्टेशनहून सुटणाऱ्या जीपमध्येही याहून ऐसपैस बसता येतं. गोड्या पाण्यात एक वेळ खपून गेलं असतं. खारं पाणी माफ करत नाही.

मासा खातो, घाण करतो, उरलेलं खाणं तळाशी कुजतं. या सगळ्याचा शेवटी अमोनिया होतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. म्हणून फिल्टर. मी चार दिवस तुझ्या टेबलावरची पुस्तकं वाचली आणि दोन दुकानं बघितली. पहिला प्रकार बंद डब्याचा. डबा टाकीखाली ठेवायचा, पाणी आत ओढायचं, स्पंजातून गाळायचं, वर सोडायचं. दिसायला सुटसुटीत. पण इतक्या माशांना तो दर आठवड्याला उघडावा लागेल, आणि उघडायला विसरलं तर गाळच विष होऊन बसतो. हा मला पसंत नाही.

दुसरा प्रकार फेसाचा. एका उंच नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडतात, पाण्यातला चिकट मळ फेसाला धरून वर चढतो आणि वरच्या कपात साठतो. दुकानदार त्याला स्किमर म्हणतात. मळ कुजायच्या आधीच बाहेर निघतो, ही त्यातली अक्कल. केंद्रावर आमच्याकडे असं काही नव्हतं, कारण फेस खाऱ्या पाण्यातच नीट धरतो. आत्ता तुझ्याकडे जो आहे तो तीनशे लिटरचा. सहाशे लिटर आणि एवढे मासे म्हटल्यावर हजार-बाराशेचा हवा. हा घ्यावा असं माझं मत.

तिसरा प्रकार जंतूंचा. टाकीखाली काचेच्या पेटीत तुझ्याकडे त्या चिनी मातीच्या रिंगा आणि दगडाचे तुकडे आहेत, त्यावर जंतू वाढतात आणि अमोनिया खातात. त्याबद्दल सावकाश लिहीन.

सध्या टाकीत नऊ मासे आहेत. पट्ट्यापट्ट्याचे क्लाऊन तीन, काळे-निळे डॅमसेल पाच, आणि तो फुगणारा एक. नऊही खातात. बाकी चोवीस दवाखान्यामागच्या लिंबाखाली पुरले. लाईटीचं तुझ्या आईने तुला सांगितलंच आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

मुंजाबाला तू येऊ नकोस म्हणून सांगितलंस, तेही कळलं. सहा वर्षं दर रविवारी तोच टाकीची निगा राखायचा. लाईट गेली की आपोआप हवा सुरू करणारी बॅटरी त्यानेच बसवली होती आणि ती चालली नाही, असा तुझा राग आहे. बॅटरीबद्दल मला काही सांगता येणार नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस मी शोधावा असं तू म्हणालीस. शोधतो. घाई नाही.

टाकीतलं थोडं पाणी रोज बदलतो आहे. दवाखाना झाडून घेतो. काळजी नसावी.

तुझा,
अण्णा


रविवार, ११ फेब्रुवारी

चि. आशा,

आशीर्वाद. आम्ही आहोत तसेच. तुझ्या आईने शेवग्याच्या शेंगा वाळवायला घातल्या होत्या, त्या माकडांनी नेल्या. तिचं म्हणणं, मी गच्चीवर बसून राखण करायला हवी होती. निवृत्त माणसाकडून लोकांच्या अपेक्षा फार वाढतात.

बुधवारी शहागंजात रऊफभाईच्या दुकानात गेलो होतो. तू टाकीचं मीठ घेतेस तोच. माणूस जुना आहे, दुकानाइतकाच दमट. मी त्याला सांगितलं, तेहतीस माशांची टाकी आहे, फिल्टर कोणता घेऊ. त्याने दहा मिनिटं मला काहीच दाखवलं नाही. चहा मागवला. मग विचारलं की टाकी नवी आहे का. म्हटलं, सहा वर्षांची. तर म्हणाला, "फिर फिल्टर कायकू बदलते चाचा? नवा फिल्टर कित्ता बी बडा लेव, पैले दिन से काम नै करता. उसको पकना पडता. छे छे हफ्ते लगते."

हा शब्द मी अडतीस वर्षांपूर्वी ऐकला होता. फिल्टर पिकणं. नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक एका लहान गावच्या योजनेवर होती. तिथे वाळूचा मंद फिल्टर होता, असे आता कुठे फारसे दिसत नाहीत. हौदात वाळू, वरून पाणी, आपल्या गतीने झिरपत खाली जायचं. वाळूवर हिरवट, बुळबुळीत साय धरायची. मी नवा, अंगात जोर. पहिल्याच आठवड्यात फावडं घेऊन ती साय खरवडायला उतरलो, तर आमचे वरिष्ठ नानासाहेब काठावरून ओरडले. खाली येऊन माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. म्हणाले, "भिकन, ही घाण नाय. हाच फिल्टर हाय. वाळू नुस्ती त्याला बसायला दिलीय."

पुढे मी मोठ्या केंद्रावर आलो. तिथले फिल्टर वेगळे, जलद. रोज उलटं पाणी मारून वाळू धुवायची, धुतलेलं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायची, मग क्लोरीन. गढूळपणा शून्य, शिल्लक क्लोरीन बरोबर, सही. चौतीस वर्षांत बाकीची सगळी वर्षं हेच केलं. नानासाहेबांची साय मागे पडली, पण मी ती विसरलो होतो असं म्हणता येणार नाही. रऊफभाई बोलायला लागल्याबरोबर पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं.

रऊफभाई पुढे बोलतच होता. रिंगा जितक्या जुन्या तितक्या चांगल्या, धुतल्या की गेल्या, असं काहीबाही. मी चहाकडे बघत होतो. मग त्याने मुंजाबाचं काढलं. तू डॉक्टर लोकांच्या ग्रुपवर मुंजाबाच्या बॅटरीचं लिहिलंस ते त्याच्यापर्यंत पोचलंय. मुंजाबा सहा टाक्या सांभाळायचा. तुझी गेली, त्यापाठोपाठ बाकीच्या पाचही ठिकाणांहून त्याला येऊ नकोस म्हणाले. रऊफभाई म्हणाला, "बॅटरी तो मेरे सामने चेक करको ले गया था उने. तीन घंटे चलाको देखा." मी म्हणालो, असेल. आणि काही न घेता घरी आलो.

आता मुंजाबा आला होता त्या दिवसाचं लिहितो. तो २८ जानेवारी, रविवार. मासे शनिवारी मेले होते. तो नेहमीप्रमाणे नऊला आला, टाकी बघितली, पायातल्या चपला काढायच्या राहिल्या ते ध्यानात आल्यावर परत दाराशी जाऊन काढल्या. मग खाली बसून कपाटाचं दार उघडलं. पेटीत हात घातला आणि एक रिंग बाहेर काढली. अंगठ्याने चोळली. वास घेतला. बराच वेळ ती तशीच हातात धरून होता.

"काका," म्हणाला, "रिंगा लई पांढऱ्या झाल्यात."

मी काच पुसायला फडकं घेतलं. त्याने रिंग होती तिथे ठेवली, दार लावलं, हात धुतले आणि गेला. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला.

इथे थांबतो. पेन चालत नाही.

अण्णा


रविवार, १८ फेब्रुवारी

आशा,

मागचं पत्र मी टपालात टाकलं नाही. पाकिटावर पत्ता घालून आठवडाभर शर्टाच्या खिशात वागवलं. तुझ्या आईने शर्ट धुवायला घेतला तेव्हा ते निघालं, पण तिने उघडलं नाही, टेबलावर ठेवलं. तेच या पत्रासोबत पाठवतो आहे. आधी ते वाच.

लाईट गेली नव्हती. त्या आठवड्यात एकदाही गेली नाही. मासे मी मारले.

सगळं क्रमाने लिहितो. २४ तारखेला, बुधवारी, आपल्याकडे पाण्याचा दिवस होता. पाण्याच्या दिवशी माणसाच्या हाताला खाज सुटते, दिसेल ते धुवावंसं वाटतं. घरची भांडी, टाकी, ओटा सगळं झालं. दवाखान्यात गेलो तर तिथेही नळ भरभरून चालू. मी टाकीखालचं कपाट उघडलं. पेटीतलं पाणी चहासारखं, रिंगांवर तपकिरी बुळबुळ. मला ते बघवेना. सगळ्या रिंगा, सगळे स्पंज, दगडांचे तुकडे, एकूण एक बादलीत काढलं. घरून ब्लिचिंग पावडर नेली होती. म्हणजे मी ठरवूनच गेलो होतो, हेही लिहून टाकतो. अर्धा तास ब्लिचिंगमध्ये, मग नळाखाली खळखळून, मग गच्चीवर उन्हात. दुपारी परत बसवलं. पांढरंशुभ्र.

पाणी तपासलं, कसं तपासलं ते ऐक. क्लोरीनचं किट माझ्याकडे आहे, त्याने तपासलं. क्लोरीन शून्य. गढूळपणा डोळ्याने बघितला, शून्य. माझ्या हिशेबी पाणी पास होतं. टाकी आरशासारखी दिसत होती. मी फोटो काढून तुला पाठवला, तू अंगठा पाठवलास. त्या अंगठ्याने मला दिवसभर बरं वाटत होतं.

शुक्रवारी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करायला लागले. मला वाटलं भूक लागली, मी आणखी खाणं टाकलं. शनिवारी सकाळी निळी मासोळी, ती तुझी मोठी, पोरांची लाडकी, आडवी तरंगत होती. दुपारपर्यंत चोवीस. तोवरही पाणी नितळच होतं. तेव्हा कुठे मी तुझ्या खणातली अमोनिया तपासायची बाटली काढून तिच्यावरचं वाचलं. पिवळा रंग आला तर ठीक, हिरवा आला तर विष. बाटली गर्द हिरवी झाली.

आता तू म्हणशील, अण्णांना माहीत नव्हतं. तीच तर गोष्ट आहे. माहीत होतं. नानासाहेबांचं तुला लिहिलंय. आणि तेही जाऊ दे, मुंजाबाने मला सांगितलं होतं. तू गेल्यावर पहिल्याच रविवारी तो म्हणाला होता की काका, वर खाणं टाका, काच पुसा, पण खाली हात लावू नका, खालचं मी बघतो. मला राग आला. पिशोरचा माणूस, याचा आजा मेंढरं राखायचा, आणि हा चौतीस वर्षं फिल्टर चालवलेल्याला शिकवणार. माझा स्वतःचा बाप काय करत होता हे त्या घटकेला मला आठवलं नाही. मेंढरंच राखत होता. आमच्या दोन घरांच्या मेंढरांचे वाडे एका माळावर पडायचे.

दुसरंही कारण आहे. तू सरकारी नोकरी सोडून दवाखाना काढलास तेव्हा मी म्हणालो होतो की हे दुकान आहे आणि मी दुकानात येणार नाही. सहा वर्षं आलो नाही. तुझ्या आईने उद्घाटनाचा पेढा आणून दिला तो मी शेजाऱ्यांना दिला. आणि तू मंगळूरला जाताना टाकीची जबाबदारी आईला नाही, मला दिलीस. मला वाटलं, परत येशील तेव्हा सगळं असं लखलखीत असावं की तुला काही विचारावंच लागू नये. मला तुझी माफी मागायची होती आणि ती मी रिंगा धुऊन मागायला गेलो. लिहिताना हे फार मूर्खपणाचं वाटतंय, पण तेव्हा वाटलं नव्हतं.

मग तुझा फोन आला. आईने स्पीकर लावला. तू विचारलंस, एकदम इतके मासे कसे काय मेले? मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुझी आई म्हणाली, "लाईट गेली व्हती गं, काल सकाळधरनं." तिने ते माझ्यासाठी केलं. बापलेकीत सहा वर्षांनी जरा बोलणं सुरू झालंय, ते पुन्हा बंद पडायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. तिला मुंजाबाचा विचार सुचायचं कारण नव्हतं. मला होतं. लाईट म्हटल्यावर बॅटरी, आणि बॅटरी म्हटल्यावर मुंजाबा, हा हिशोब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला. तू तो फोनवर मोठ्याने केलास. मी शेजारी बसून ऐकला. तिला बोल लावू नकोस. तिचं वाक्य एक होतं, माझं गप्प बसणं एकवीस दिवस चाललं.

गुरुवारी मी पिशोरला गेलो. कन्नडला गाडी बदलली. मुंजाबा घरी नव्हता, कुणाच्या तरी रानात अद्रक काढायला रोजाने गेला होता. बांधावर हौदाशी बसून अद्रकीची माती धुवत होता. मला बघून उठला, हात पुसले, चहाला घरी चला म्हणाला. मी म्हणालो, चहा नको.

"मुंजाबा, रिंगा मी धुतल्या."

"मला ठाऊक हाय, काका. त्याच दिशी कळलं."

"मग तू आशाला का बोलला नाहीस?"

तो पुन्हा खाली बसला. म्हणाला, "ताईंनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. इचारलंच नाय. येऊ नको म्हणल्या. मी व्हय म्हणलं."

मीही शेजारी बसलो. मग मी त्याला फिल्टरचं विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. सगळे प्रकार सांगितले, बंद डबा, फेस, अमकं ढमकं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की फिल्टर चांगलाच होता. फेसाचं यंत्र मात्र मोठं घ्या, ते तो दोन वर्षं तुला सांगत होता. रिंगा त्याच ठेवा. दोन टोपल्यांत करा, एक टोपली आज हलवली तर दुसरीला महिनाभर हात लावू नका, आणि हलवायची ती टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात, नळाच्या नाही. सहा आठवडे नवा मासा आणू नका. आणि सहाशे लिटरला बारा-पंधरा खूप झाले, तेहतीस नकोत, फिल्टर कोणताही असो. हे सगळं तो अद्रक धुता धुता बोलला. तू मला ठरवायला सांगितलं होतंस, तर हे ठरलं. यातलं माझं काही नाही, सगळं मुंजाबाचं आहे.

तुझ्याकडे परत ये असं मी त्याला म्हणालो नाही. तो अधिकार माझा नाही.

शुक्रवारी आणि काल मिळून मी त्या पाचही ठिकाणी जाऊन आलो. तुझे दोन डॉक्टर, एक डोळ्यांचं हॉस्पिटल, एक हॉटेल आणि कॅनॉटजवळचं कपड्यांचं दुकान. प्रत्येकाला सांगितलं की मी डॉक्टर आशाचा बाप, मासे माझ्या हातून मेले, मुंजाबाची काही चूक नाही. हॉटेलवाला हसला. डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या बाईंनी पाणी दिलं. तिघांनी माझ्यासमोर मुंजाबाला फोन लावला. हॉटेलवाल्याने दुसरा माणूस ठेवलाय, कपड्यांच्या दुकानवाल्याने बघतो म्हणून सांगितलं. एकाही ठिकाणी बोलायला पाच मिनिटांच्या वर लागली नाहीत. परक्यांना सांगणं सोपं असतं. सगळ्यात पहिलं जिथे सांगायला हवं होतं तिथे सगळ्यात शेवटी सांगतो आहे.

तुझ्या आईला आज सकाळी सांगितलं की खरं काय ते आशाला लिहितोय. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, माझं बी लिहा, मी खोटं बोलले म्हणून. लिहिलं आहे.

अमोनियाची बाटली कालपासून पिवळी येते आहे. रिंगांवर हात फिरवला तर किंचित बुळबुळ लागते. नऊ मासे ठीक आहेत. तू दुसरी सोय करेपर्यंत खाणं मी घालीन, खाली हात लावणार नाही. तू नको म्हणालीस तर खाणंही आईच घालील.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. लिहितो. चूक माझी आहे आणि ती कशानेही लहान होत नाही. पण मुंजाबा सहा वर्षं तुझ्याकडे होता आणि तू त्याला एक प्रश्न विचारला नाहीस. तू दवाखाना का काढतेस, हे मीही तुला कधी विचारलं नव्हतं, नुसतं येणार नाही म्हणालो होतो. ही खोड तुला दुसऱ्या कुणाकडून आली असती तर बरं झालं असतं.

मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. मुंजाबाचा नंबर तुझ्याकडे आहे. त्याला फोन कर, आणि या वेळी आधी विचार.

रिंगा धुणारा,
तुझा बाप
भिकन